अल्प मात्रा

टॉलीगंज, कोलकाता
१४ सप्टेंबर २०२५

ताई,

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला येत्या नोव्हेंबरात तीन वर्षं होतील. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून पत्र. पाकिटावर 'अ‍ॅड. शर्वरी उपासनी' असं मुद्दाम ऐटीत लिहिलंय, म्हणजे निदान तुझा कारकून तरी ते अशिलाचं समजून उघडेल. फाडू नकोस. कायद्याचं काम आहे.

माझा एक मित्र आहे, विवेक. आमच्याच भागात राहतो. त्याच्या आईला कॅन्सर आहे. दर केमोनंतर पाच-सहा दिवस तिच्या पोटात पाण्याचा घोटसुद्धा ठरत नाही. उलटीच्या गोळ्या दिल्यात, पण कधी कधी त्या गोळ्याच उलटून पडतात. शिवाय तळपायांची आग. पायांवर चादर घातलेली सहन होत नाही. परवा तिनेच विवेकला विचारलं, की तुम्ही पोरं ते ओढता, त्याने म्हणे सपाटून भूक लागते, खरं का रे? (विवेक ओढायचा पूर्वी. आता नाही.)

तर प्रश्न असा की आजारी माणसाला घरात किती गांजा ठेवता येतो? मजेसाठी ओढणाऱ्याला किती आणि औषध म्हणून घेणाऱ्याला किती, असं काही वेगवेगळं आहे का? पुरीला होस्टेलात मी चहा-नाश्त्याचं बघत होतो तेव्हा कॅनडाचा एक जण भेटला होता. तो म्हणाला, आमच्याकडे कुणीही तीस ग्रॅम खिशात घालून हिंडावं, आणि डॉक्टरचा कागद असेल तर त्याहून जास्त. भला माणूस होता. समुद्रात त्याचा चष्मा गेला आणि मग आठ दिवस तो सगळ्यांना 'हॅलो क्षितिज' म्हणायचा, आचाऱ्यालासुद्धा.

विषय भरकटला. आपल्याकडे तसा आकडा काय आहे तेवढं कळव.

इथे पूजेचे मांडव उभे राहतायत. आमच्या गल्लीत यंदा मांडव म्हणजे अख्खं पोस्ट ऑफिस केलंय, लाल डबे, खिडक्या, सगळं कापडाचं. काल एका आजोबांनी कापडी डब्यात खरं पत्र टाकलं आणि मग ते काढायला दोन सुतार लागले.

आई ठीक आहे. शब्दकोडी सोडवते. दहा नोव्हेंबर तिने कॅलेंडरवर लाल पेनाने गोल केलाय. यंदा तू मुलाखत देणार आणि न्यायाधीश होणार, हे तिच्या लेखी ठरलेलंच आहे. माझ्याही.

तू नाकारलंस तरी तुझाच,
क्षितिज

•

२७ सप्टेंबर

ताई,

उत्तर आलं! स्पीड पोस्टने. पोस्टमनने सही घेताना विचारलं, 'खितिजबाबू, कोर्टेर चिठी नाकी?' इथे सगळे मला खितिज म्हणतात, क्ष त्यांच्या तोंडात बसत नाही. मी म्हटलं, कोर्टापेक्षा वरचं आहे, बहिणीचं आहे.

काय पत्र लिहिलंयस! 'श्री. क्षितिज उपासनी यांस,' आणि खाली 'आपल्या मित्राने'. मला 'आपण' म्हणणारी तू पहिलीच बाई. तरी मी ते चार वेळा वाचलं. तू लिहितेस की गांजा बाळगणं हा गुन्हाच आहे, चिमूटभर असला तरी. एक किलोपर्यंत 'अल्प मात्रा', वीस किलोच्या वर 'व्यापारी मात्रा', हे आकडे फक्त शिक्षा किती ते ठरवायला आहेत. अल्प मात्रा म्हणजे परवानगी नव्हे, शिक्षेची पहिली पायरी. वर्षभरापर्यंत सक्तमजुरी, नाहीतर दंड, नाहीतर दोन्ही. ओढणारा आणि आजारी असा फरक त्या आकड्यांत नाही. आणि आधी शिक्षा झालेला पुन्हा सापडला तर दीडपट. या 'दीडपट'खाली तू रेघ मारली आहेस. विवेकला कधी शिक्षा झालेली नाही गं. रेघ माझ्यासाठी होती, पोचली.

मात्रा हा शब्द मला पहिल्यापासून नडतो. तुला माहीत नसेल, तू तेव्हा नाशिकला आत्याकडे अकरावीत होतीस. बाबा गेल्यावर आईने इकडची बदली घेतली आणि मला नऊ वर्षांचा असताना इथल्या शाळेत घातलं. बंगालीच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, 'मात्रा दाओ.' मी आज्ञाधारकपणे प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर आपली मात्रा दिली, तिरकी, झोकात. के, खे, गे, घे. त्या ओरडतायत, मात्रा दे, मात्रा दे, आणि मी दुसरी मात्रा देतोय, कै, खै, गै. त्यांची मात्रा म्हणजे अक्षरावरची आडवी रेघ, हे मला दिवाळीत कळलं. तोवर कोपऱ्यात उभं राहून वर्गातल्या पंख्यांची सगळी पाती माझी मोजून झाली होती.

तीन वर्षांपूर्वीही तेच झालं. त्याआधी पुरीला कुणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं, किलोच्या आत 'स्मॉल क्वांटिटी'. मला वाटलं, म्हणजे चालतं. मग बोलपूरहून येताना हावड्याला उतरलो, पोलिसाने नुसतं विचारलं डब्यात काय आहे, तर मीच झाकण उघडून त्याला समजावून सांगितलं, साहेब, साठच ग्रॅम आहे, कायदा मी वाचलाय. तो बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्यांनी कागद दिला आणि मी माझ्या हाताने हिंदीत लिहिलं की माझ्याजवळ कायद्याने मान्य असलेली अल्प मात्रा आहे. 'मान्य' हा शब्द माझा स्वतःचा. तू कोर्टाच्या व्हरांड्यात तो जबाब मोठ्याने वाचलास, हसलीस, आणि हसता हसता तुझं तोंड वाकडं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मुंबईत तुझी मुलाखत होती. दंड भरून मला सोडवलंस, पण त्यात दुसरा दिवस उजाडला. मुलाखत गेली.

मी त्याबद्दल माफी मागितलीच नाही कधी. मागायला गेलो की भलतंच काहीतरी सांगत सुटतो. आताही बघ, वर शाळा आणली.

एक गंमत सांगतो. वरच्या मजल्यावरच्या झर्णा काकीमा आईला म्हणाल्या, दिदी, यंदा विजयादशमीला तुम्हाला मी सिद्धी देणार, छान झोप लागेल. आईने मला बाजूला घेऊन विचारलं, 'सिद्धी कोण? तुझ्यासाठी मुलगी बघतायत का? मला कशाला देतायत?' सिद्धी म्हणजे इथे भांग! दशमीला देवी विसर्जनाला गेली की घरोघरी थोडी घेतात. आई खूप हसली, बऱ्याच दिवसांनी तिला असं हसताना पाहिलं.

पण त्यावरून मनात आलं, भांग चालते आणि गांजा नाही, हे कसं काय? झाड तर एकच. तेवढं सांग. विवेकच्या आईने कालपासून फक्त गोड्या वरणाचं पाणी घेतलंय, तेही तीन चमचे.

क्षितिज

•

९ ऑक्टोबर
बोलपूर स्टेशन

ताई,

बाकावर बसून लिहितोय, अक्षराला हसू नकोस. दुपारचा दीड वाजलाय. गाडीला दोन तास आहेत.

विवेक नावाचा माझा कुणी मित्र नाही. गोडं वरण लिहिलं तेव्हाच तुला कळलं असणार. आईचा आजार उलटलाय. जुलैत कळलं. या वेळी हाडांत आहे. ती रोज संध्याकाळी तुझ्याशी फोनवर बोलते ना, त्याआधी अर्धा तास पडून राहते, मग उशीला टेकून बसते, दोन घोट पाणी पिते आणि मला म्हणते, 'लाव.' फोन ठेवला की पुन्हा आडवी. तुझी मुलाखत होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही अशी शपथ तिने मला घातली आहे, स्वतःच्या गळ्याला हात लावून. मी ती आत्ता मोडली.

आणि मोडलीच आहे तर दुसरीही मोडतो. तुला आम्ही सांगितलं होतं की आईचा पहिला कॅन्सर २०२३ च्या जानेवारीत निघाला. खोटं. तो २०२२ च्या ऑक्टोबरात निघाला. तेव्हाही हीच शपथ होती. तेव्हाही तुझी मुलाखत होती. ते साठ ग्रॅम आईसाठी होते. मी त्या वर्षीच्या उन्हाळ्यातच सोडलं होतं, खरंच सोडलं होतं. तू व्हरांड्यात विचारलंस, 'तुला लाज कशी वाटत नाही, आईला काय वाटेल?' आई तेव्हा इस्पितळात होती, दुसऱ्या केमोला. तुला तिने फोनवर सांगितलं होतं की बँकेच्या ऑडिटसाठी गुवाहाटीला आलेय. मागे नर्स बंगालीत बोलत होत्या, तर म्हणाली, ऑफिसातल्या बायका आहेत.

तू घराचं कुलूप बघून विमानतळावर गेलीस. त्याच रस्त्यावर ते इस्पितळ होतं, ताई. तुझी टॅक्सी दारावरून गेली असेल.

म्हणजे तुझी मुलाखत हुकू नये म्हणून लपवलं, आणि लपवल्यामुळेच मी एकटा धावत सुटलो आणि तुझी मुलाखत हुकली. असा हिशेब मी कितीदा मांडला. इतका साधा आहे की मलासुद्धा जमतो.

आता आज. इथे स्टेशनमागे केदारदाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी त्याच्याकडूनच आणलं होतं. आज मी सांगितलं मा पुन्हा आजारी आहे, तर त्याने ट्यूब चिकटवणं थांबवलं, हात धुतले, आत गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून पुडी आणली. म्हणाला, 'मायेर जन्ने,' आईसाठी. आणि माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता तोही शिवून दिला.

ती पुडी पिशवीत आहे. पिशवी मांडीवर आहे. फलाटावर एक पोलीस आहे, पेरू खातोय. माझ्याकडे बघतही नाहीये. तरी मी पिशवीचे बंद मनगटाला दोनदा गुंडाळलेत.

काल आई म्हणाली, 'क्षितू, मला भूक कशी असते तेच आठवेना.' एवढंच म्हणाली आणि कोडं सोडवायला लागली. आठ आडवं, चार अक्षरी. मग मी आज सकाळची गाडी पकडली. तिला सांगून आलो नाही. काकीमा बसल्यायत तिच्याजवळ.

सापडलो तर दीडपट. ते मी भोगीन गं, मला कुठे ऑफिसात जायचंय. पण मी सापडलो तर मला सोडवायला कोण येणार? तूच. कोर्टाबाहेर मला शिव्या देशील, पण येशीलच. आणि दहा नोव्हेंबर पुन्हा जाईल. आणि या वेळी आईला कोण भरवणार?

थांब जरा.

पावणेतीन. परत देऊन आलो. केदारदा रागावला नाही. म्हणाला, 'भीती वाटली?' मी म्हटलं, हो, दिदीची. तो म्हणाला, मोठी बहीण असली की असं होतं, माझी मुर्शिदाबादला आहे, अजून तिच्यासमोर विडी ओढत नाही. त्याने चहा पाजला. त्यात पंधरा मिनिटं गेली, पण गाडी मिळेल.

रिकाम्या हाताने घरी चाललोय. तुला काय करायचं ते तू ठरव, पण आधी मुलाखत दे. मी तुला शपथ घालत नाही, आपल्या घरात शपथा फार झाल्या. नुसतं सांगतोय. झाडाचं उत्तर मात्र लवकर पाठव.

क्षितिज

•

२४ ऑक्टोबर

ताई,

तू आईला फोन केलास तेव्हा मी समोरच होतो, म्हणून तुझी बाजू सोडून सगळं ऐकलं. आधी ती नेहमीसारखी, 'अगं मस्त चाललंय, आत्ताच पोहे केले.' मग तुझं काहीतरी बराच वेळ. मग आई म्हणाली, 'अठ्ठावन्न.' मी खुणेने विचारलं, काय? तिने माझ्याकडे पाठ केली. मग पुन्हा तुझं काहीतरी. मग एकदम बारीक आवाजात, 'त्रेचाळीस.' तेव्हा कळलं की तू वजन विचारत होतीस. बँकेत तीस वर्षं लोकांकडून कागद काढून घेणारी बाई, तू तिच्याकडून एक आकडा काढलास!

फोन ठेवला आणि तिने पलंगाखालची चप्पल माझ्यावर भिरकावली. लागली नाही, तेवढा जोर नाही आता. म्हणाली, 'घरभेद्या! तुला काही सांगायची सोय नाही.' मी चप्पल उचलून परत तिच्याजवळ ठेवली, म्हटलं, पुन्हा मार. तर हसली आणि मग रडली. मग म्हणाली, 'ती म्हणते मुलाखत देऊन त्याच संध्याकाळी गाडीत बसते. जेवून निघ म्हणायचं राहिलं.'

तुझं दुसरं पत्र गेल्या आठवड्यात गुरुवारी आलं. यात 'श्री.' नाही आणि 'ताई' असंही नाही, नुसता मजकूर. पण मजकूर चांगला आहे. फुलोरा म्हणजे गांजा. नुसती पानं, फुलोऱ्याशिवाय, ती त्या व्याख्येत येत नाहीत, पण म्हणून झाडाखाली जाऊन ओरबाडायची नाहीत. राज्याचा परवाना असलेल्याकडचीच. औषध हवं तर परवाना असलेल्या कंपनीचा पानांचा अर्क आयुर्वेदात मिळतो, वैद्याच्या चिठ्ठीवर. चिठ्ठी आईच्या नावाची हवी, माझ्या नाही. बाटली खोक्यातून काढायची नाही, चिठ्ठी आणि बिल त्याच खोक्यात ठेवायचं, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही द्यायचा नाही. शेवटी तू लिहिलंयस, 'वैद्य मृणाल बागची यांच्याकडे जा, भवानीपूर. बाई अनुभवी आहेत असं कळलं.'

बाईंना या मिशा आहेत, ताई! झुपकेदार. मी दारात जाऊन विचारलं, मृणालदी आहेत का? आतून ढग गडगडल्यासारखा आवाज आला, 'आमिइ मृणाल,' मीच मृणाल. इथे मृणाल पुरुषांचं नाव असतं. मी इतका गोंधळलो की त्यांनाच नमस्कार दिदी म्हणून बसलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाले, मराठी का? मागेही एकदा एक मराठी गृहस्थ माझ्यासाठी गजरा घेऊन आले होते.

पण माणूस चोख आहे. आईला तपासायला घरी आले, नाडी बघितली, सगळे रिपोर्ट एक तास वाचले, आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, माझ्या गोळ्या मात्र बंद करायच्या नाहीत, आणि जास्त गुंगी आली तर लगेच कळवायचं. मग वैद्यबुवा आईला म्हणाले, यानं आजार जाणार नाही मा, मी खोटं बोलत नाही. जेवणाला आणि झोपेला उपयोग झाला तर झाला. दोन थेंब, जेवणाआधी. आई म्हणाली, 'दोनच?' ते म्हणाले, अल्प मात्रा. मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेलो.

आज सहावा दिवस. पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी नुसतीच झोपली. काल दुपारी तिने अर्धी पोळी खाल्ली, दुधात कुस्करून, आणि पोटात राहिली. मी घड्याळ लावून बसलो होतो, एक तास, दोन तास. राहिली. पायांची आग आहे तशीच आहे. सगळं लिहायचं ठरवलंय म्हणून तेही लिहितो.

मुलाखतीला निळी साडी नेस, असा आईचा निरोप. तुझ्याकडे निळी आहे का हे तिला आठवत नाही.

क्षितिज

•

१७ नोव्हेंबर

ताई,

काल तुझी गाडी सुटली आणि आज लिहायला बसलोय. तू नाशिकला पोचशील त्याच्या तीन-चार दिवसांनी हे पोचेल. नंबर आता चालू आहे माहितीये मला. पण फोनवर मी विनोद करतो, तुला सवय झालीये आता. इथे नाही करणार. जमेल तेवढं.

बारा तारखेला सकाळी हावड्याला मी दीड तास आधी येऊन उभा होतो. तू डब्यातून उतरलीस, माझ्याकडे बघितलंस, आणि तीन वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर 'पिशवी दाखव.' मी भर फलाटावर पिशवी उघडली. केळी, पाण्याची बाटली, आईने तुझ्यासाठी दिलेली शाल. तू हात घालून तळापर्यंत तपासलीस. मला वाईट नाही वाटलं. खरं सांगू, बरंच वाटलं. कुणीतरी तपासणारं आहे.

मग टॅक्सीच्या रांगेपेक्षा लाँचने जाऊ म्हटलं, आणि लाँचवर तू बोललीस. त्याचं उत्तर इथे लिहितोय. तू म्हणालीस, 'मुलाखत गेल्याचा राग केव्हाच संपला रे. वर्षभरात संपला. मी त्या दिवशी घरी आले, कुलूप होतं. वरच्या काकीमांनी बोलावून चहा दिला. त्या माझ्या पाठीवरून सारख्या हात फिरवत होत्या, मला कळेना का. तुझं पत्र आलं तेव्हा कळलं. त्यांना माहीत होतं. बाहेरच्या बाईला माहीत होतं आणि मला नव्हतं.'

मला हे कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, आम्ही तुझ्यावरचा भार कमी केला. आम्ही तुला घराबाहेर ठेवलं. बाबा गेले तेव्हाही तू नाशिकलाच राहिलीस आणि आम्ही दोघं इकडे आलो, तेव्हापासून ठेवत आलो. माफ कर. हे लिहायला मला तीन वर्षं आणि पाच पत्रं लागली. माफ कर, ताई.

तू चार दिवस राहिलीस. मुलाखतीत काय विचारलं ते आईने तुझ्याकडून शब्दन्‌शब्द वदवून घेतलं आणि प्रत्येक उत्तरावर 'बरोबर' म्हणाली, तिला त्यातलं काय कळतं देव जाणे. निकाल लागेल तेव्हा लागेल. तू खोक्यावरचा परवान्याचा नंबर वहीत उतरवून घेतलास, बिलं तारखेप्रमाणे लावलीस, आणि वैद्यबुवांना तोंडावर विचारलंस, 'तुमचा नोंदणी क्रमांक?' मिशांखालून हसले ते. जाताना मला म्हणाले, तुझी बहीण जज झाली तर मी कोलकात्याबाहेर पडणार नाही.

आता आजचं. सकाळी डॉक्टरांकडे आम्ही दोघंच गेलो होतो, आई आणि मी. तू सांगून गेली होतीस तसं मी सगळं विचारलं, तुझ्या यादीतले सातही प्रश्न, लाजलो नाही. स्कॅनमध्ये पाठीच्या कण्यात नवीन डाग आहेत. ते म्हणाले, पुढची केमो शरीर झेलणार नाही, आता दुखणं कमी ठेवायचं आणि दिवस चांगले काढायचे. मी विचारलं, किती. ते म्हणाले, उन्हाळा दिसला तर चांगलं. आई शेजारीच बसली होती. तिने ऐकलं. तिच्यापुढेच विचार असं तिनेच सांगितलं होतं.

घरी येताना आम्ही एस्प्लनेडला उतरलो. तिला मोज्यांचा जोड घ्यायचा होता, मऊ, पायांना लागत नाही असा. अर्धा तास तिने फुटपाथवरच्या माणसाशी घासाघीस केली. शेवटी तो म्हणाला, माशिमा, आपनिइ जितलेन, तुम्हीच जिंकलात. ती एवढी खूश झाली, की येताना मेट्रोत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

दुपारी तिने भात-वरण घेतलं. वाटीभर. आत्ता मी लिहितोय आणि ती पलंगावर नवे मोजे घालून बसलीये. तिने विचारलं, 'काय लिहितोस एवढं?'

म्हटलं, 'डॉक्टर म्हणाले ते.'

'सगळं?'

'सगळं.'

मला वाटलं, रागावेल. समोरच्या गच्चीत कुणी गाद्या उन्हात घातल्या होत्या, त्या तिने बोटाने मोजल्या. मग म्हणाली, 'माझ्याकडूनही एक ओळ घाल.'

मी पेन धरून बसलो. तुला माहीत आहे, आईने आजवर कुणालाच स्वतःसाठी बोलावलेलं नाही. बाबांच्या वेळीही नातेवाइकांना म्हणाली होती, तुमची कामं बघा, आम्ही निभावू. तिला वाक्य सापडत नव्हतं. एकदा म्हणाली, 'लिही, सवडीने ये.' मी लिहिलं. मग म्हणाली, 'नको, ते खोड.' मी खोडलं, खाली दिसतंय तुला ते.

~~सवडीने ये.~~

मग तिने सांगितलं, आणि मी जसंच्या तसं लिहितो.

शरू, काम असलं तरी ये.